आईच्या हातची प्रभूची भाकर

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, आणि त्याची भाकर कधी बाजारातून येत नसे. ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, एखाद्या घरातून येई. या महिन्यात या घरची पाळी, पुढच्या महिन्यात त्या घरची. आदल्या रविवारी उपासना संपत आली की मंडळीचे सेक्रेटरी उभे राहून सांगत, "पुढल्या रविवारची भाकर अमक्यांच्या घरून येईल." त्या घरची बाई बसल्या जागी पदर सारखा करी. गव्हाचं पीठ, पाणी आणि थेंबभर तेल. मीठ नाही, खमीर नाही. जाडसर थापून तव्यावर भाजलेली ताटाएवढी एकच भाकर पांढऱ्या रुमालात गुंडाळून मेजावर ठेवत. चर्चचे पाळकसाहेब ती सगळ्यांसमोर मोडत, आणि प्रभूचं शरीर मानून प्रत्येक जण तिच्यातला एक तुकडा खाई.

ही पद्धत आता बंद झाली आहे. ती का बंद झाली ते मला सांगायचं आहे, आणि रागाने सांगायचं आहे. शांत झाल्यावर लिही, असं माझ्या नवऱ्याने सुचवलं होतं. पण शांत झाले तर मी लिहिणारच नाही, हे मला माहीत आहे.

आमचं गाव राहुरीच्या पुढे, मुळेच्या कालव्यालगत. मी आता केडगावला राहते आणि तिथल्या एका शाळेत शिकवते. रविवारी मात्र गावी जाते, कारण आई गावातच राहते आणि तिला तिचं चर्च सोडवत नाही. मला आज जे काही आहे ते त्या चर्चमुळे आहे, हे आधी सांगून टाकते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. चर्चच्या बोर्डिंगमध्ये मी राहिले. तिथेच मला पाटी मिळाली, पेटीवर गाणं शिकायला मिळालं, चारचौघांत उभं राहून बोलायला शिकायला मिळालं. बारावीनंतर त्या वेळचे पाळक स्वतः एस.टी.ने माझ्याबरोबर संगमनेरला आले आणि कॉलेजच्या ऑफिससमोरच्या रांगेत माझ्यापुढे उभे राहिले. हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर राग इतका आला नसता. परक्याने दार लावलं तर माणूस पुढच्या दाराकडे जातो. आपल्याच घराने लावलं की तिथेच उभं राहावंसं वाटतं.

त्या बोर्डिंगमध्ये आई स्वयंपाक करायची. सगळी मुलं तिला मावशी म्हणायची. मुलं सगळ्या घरांतली असत, आणि भाकरी सगळ्यांना आईच्याच हातच्या. आजचे सेक्रेटरीही तेव्हा बोर्डिंगात होते. त्यांना कडेची करपलेली भाकर आवडायची, असं आई अजून सांगते. "कडक हाय का गं मावशी, म्हनायचा, आन् मागून मागून खायचा."

आता जातीचं बोलायला हवं. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं अशा दोन जातींमधून आमची मंडळी उभी राहिली. नावं मी लिहीत नाही. ती नावं घेऊन आम्हाला हाका मारणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यात माझी भर नको. दोघांचे पणजोबा एकाच ओढ्यात, एकाच दिवशी बाप्तिस्मा घेऊन वर आले असं जुनी माणसं सांगतात. वर आले, आणि दोन काठांना गेले. तेव्हापासून एका जातीच्या घराण्यांची माणसं पुढच्या बाकांवर बसतात आणि आमची मागे, दाराजवळ. कोणी कोणाला तसं बसायला सांगत नाही. लहान मूलसुद्धा बरोबर आपल्या बाकावर जाऊन बसतं. मुलीला स्थळ आलं की पहिला प्रश्न येतो, "पूर्वीचे कोण?" या प्रश्नात पूर्वी म्हणजे शंभर वर्षांपूर्वी. इतक्या पिढ्या पवित्र शास्त्र वाचून, नाताळ करून, नमस्काराऐवजी एकमेकांना सलाम घालून, आम्ही एकमेकांसाठी अजून पूर्वीचेच आहोत.

वडील होते तेव्हा ते भजनाला ढोलकी वाजवत. नाताळात पुढच्या बाकांवरची माणसं त्यांना आदराने पुढे बोलवत. "या मास्तर, तुमच्याबिगर रंग न्हाई." भजन संपलं की वडील ढोलकी खांद्याला अडकवून मागच्या बाकावर येत. हातांनी वाजवलेलं चालायचं. हातांनी केलेलं चालायचं नाही. भाकरीची पाळी पुढच्या बाकांवरून सुरू व्हायची, मधल्या बाकांपर्यंत यायची आणि तिथूनच परत फिरायची.

आईने याबद्दल कधी तक्रार केली नाही. एकदाच, वडील गेल्यानंतर, ती म्हणाली, "येवढ्या पोरांना जेवू घातलं. एकदा प्रभूच्या मेजावर ठिवाया मिळाली पायजे हुती." मी तेव्हा ते ऐकून सोडून दिलं. मग गेल्या वर्षी तिच्या हातांना कंप सुटला. चहाची कपबशी वाजायला लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढत जाईल असंही सांगितलं. घरी येताना तिने विचारलं, "पीठ मळायचं कवापर्यंत जमंल, इचारलंस का?" मी विचारलं नव्हतं. पण ती कुठल्या पिठाबद्दल बोलत होती ते मला कळलं.

त्याच सुमारास गावच्या बाजारपेठेत कोणाच्या तरी मोबाईलवरच्या स्टेटसवरून दोन गटांत मारामारी झाली. दुकानं बंद राहिली, पोलिसांच्या गाड्या आल्या. त्याआधी नाताळची गाणी गात फिरणाऱ्या आमच्या पोरांनाही काही लोकांनी रस्त्यात अडवून विचारलं होतं, "धर्म बदलायचे किती मिळाले?" भीती होती आणि ती खरी होती. अशा वेळी आमच्या मंडळीने पुढाकार घेतला याचा मला अभिमान वाटला. एकीचा रविवार करायचा ठरलं. मशिदीचे मौलाना, देवळाचे विश्वस्त, पोलीस ठाण्याचे साहेब, सगळ्यांना बोलावलं. चर्चच्या फाटकावर फलक लावला, 'भिंती पाडू या'. सूत्रसंचालन मला दिलं, कारण मी शिकलेली. मी इस्त्रीची साडी नेसले आणि रात्रभर पाठ केलेलं बोलले.

पाळकसाहेब त्या दिवशी फार सुंदर बोलले. माणसामाणसांतली भिंत देवाने नाही, आपण बांधली, असं म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. पोलीससाहेबांनी मान डोलावली. पाहुण्यांना शाली दिल्या. मग चहा झाला. चहा पुढच्या बाकांवरच्या एका घरातून मोठ्या किटलीतून आला होता. कार्यक्रम संपल्यावर मी आईला शोधत मागे गेले, तर ती नळावर बसून कपबशा विसळत होती. तिच्या थरथरत्या हातांत त्या एकमेकींवर आपटत होत्या.

"तुला कोणी सांगितलं धुवायला?"

"सांगाया कशाला पायजे? पाव्हन्यांचं हाय."

उष्टं धुवायला तिचे हात चालत होते. मी तशीच पाळकसाहेबांच्या खोलीकडे गेले. तिथे सेक्रेटरी उरलेल्या शालींच्या प्लास्टिकच्या पिशव्या घड्या घालून ठेवत होते.

"काका, पुढच्या महिन्याची भाकर आमच्या घरून आणू का?"

"कुठल्या घरून?"

"आमच्या. आई करील."

ते पिशव्यांच्या घड्या घालत राहिले. "अगं, पाळी असती त्याला."

"तेच विचारतेय. आमची पाळी कधी आहे?"

"हे बघ पोरी, तू शिकलेली हायस. तुला सगळं उलगडून सांगाया पायजे का?"

"सांगा. शिकलेली असले तरी मला कळत नाही."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मावशीबद्दल माझ्या मनात काय न्हाई. मी तिच्या हातचं खाऊन मोठा झालेला मानूस. पण म्हातारीकोतारी लोकं हायत. उद्या एखादीनं तोंडात घेतलं आन् कळल्यावर थुकली तर? प्रभूच्या शरीराचा अपमान व्हईल. त्याचं पाप कुनाला?"

"थुंकणारीला."

"म्हंजी तुला पायजेच का, कुनी थुकावं?"

माणूस इतकं उलटं बोलू शकतो आणि तेही कळवळ्याने, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पाळकसाहेब आत आले. ते काही वाईट माणूस नाहीत. आजाऱ्याच्या उशाशी बसतात, कुणाच्या घरी भांडण झालं तर अर्धपोटी उठून जातात. त्यांना मी सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसला.

"मी स्वतः घेईन गं. माझा प्रश्नच नाही. पण पाळकाला सगळा कळप सांभाळायचा असतो."

"आत्ता तासाभरापूर्वी तुम्ही भिंती पाडायला सांगितलंत, साहेब."

"भिंत पाडताना छप्पर खाली येऊ नये, एवढं बघावं लागतं." त्यांनी चष्मा घातला. "मी कमिटीत मांडतो."

त्यांनी मांडलं, हे मला मान्य करायला हवं. दोन रविवारांनी सेक्रेटरी उपासनेच्या शेवटी उभे राहिले आणि हातातल्या कागदाकडे बघत म्हणाले, "आरोग्याचा इचार करून, इथून पुढं प्रभुभोजनासाठी बेकरीचा ब्रेड आणायचं कमिटीनं एकमतानं ठरवलं हाय. कुनावर पाळीचा भार राहनार न्हाई."

पुढच्या बाकावर एक बाई बसली होती, तिची पाळी आता यायची होती. तिने पदर सारखा करायला हात उचलला होता. तो हात तसाच राहिला. मला तिचीही दया आली, आणि लगेच दया आल्याचाच राग आला. आमच्या एका घराची भाकर मेजावर येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच्या सगळ्या घरांची भाकर बंद केली होती. सासूने सुनेला शिकवलेली, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली एक चांगली रीत मोडली. स्वतःच्या हाताने मोडली, आणि आरोग्य म्हणाले. राहुरीतल्या त्या बेकरीत पीठ कोण मळतं, त्याची जात काय, धर्म काय, हे कोणीच विचारलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीवर जात दिसत नाही ना.

आई बाकावर बसूनच हसली. मला वाटलं रडेल, पण ती हसली. घरी जाताना वाटेत म्हणाली, "माझ्या एका भाकरीला येवढी भ्याली व्हय गं ही मानसं?"

शाळेत माझी एक सहकारी मला नेहमी म्हणते, "तुमचं बरं बाई, तुमच्यात जात नसते." त्या सोमवारीही म्हणाली. डबा खात होतो. मी डबा बंद केला. आमच्या पोरांना रस्त्यात अडवणाऱ्यांचा मला राग होताच. पण त्यांना तोंडावर उत्तर द्यावं असं काहीतरी आमच्याजवळ असायला हवं होतं, आणि ते आम्ही बेकरीच्या पिशवीत घालून टाकलं होतं. किती मिळाले, असं ते विचारतात. मला त्यांना सांगायचं असतं की आम्हाला माणूसपण मिळालं. हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

पहिला रविवार आला. मी आदल्या दिवशीच गावी गेले होते. पहाटे उठून पाहिलं तर आई चुलीपुढे बसलेली, आणि परातीत गव्हाचं पीठ.

"आई, ब्रेड येणार आहे."

"यीना का."

तिचे हात पिठात इतके थरथरत होते की परात जमिनीवर टकटक वाजत होती. मी पुढे झाले.

"हात लावू नगं. ही माझी हाय."

भाकर एका बाजूला जाड झाली, दुसऱ्या बाजूला पातळ. पातळ कडेला करपली. आईने ती उलटसुलट करून पाहिली, पांढऱ्या रुमालात गुंडाळली आणि पदराखाली घेतली. चर्चच्या वाटेने ती माझ्यापुढे चालत होती. ती भाकर मेजावर नेऊन ठेवणार आहे की काय, याची मला धास्ती होती. तिने ठेवावी असंही वाटत होतं.

तिने ठेवली नाही. ती आमच्या मागच्या बाकावर बसली, भाकर मांडीवर, वरून पदर. मेजावर ताट होतं आणि ताटात ब्रेडचे चौकोनी तुकडे. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे दोन्ही हात पुढे केले आणि सवयीने म्हणाले, "ही एक भाकर..." आणि थांबले. उचलायला एक भाकर नव्हती. त्यांनी एक चौकोन बोटांत धरला, तो मोडला आणि बाकीचं घाईने म्हणून टाकलं.

ताट बाकांमधून फिरत आमच्यापर्यंत आलं. ताट धरणारे कमिटीतले एक वयस्क गृहस्थ आईपुढे वाकले.

"घ्या मावशी."

"नगं."

"अहो, प्रभुभोजन हाय."

"ठावं हाय मला. फुडं जावा."

माझ्या आठवणीत आईने एकदाही प्रभुभोजन चुकवलेलं नाही. ताप असला तरी ती चालत येई. तिने नको म्हणताना मी तिच्या शेजारी होते, आणि तिचा आवाज अजिबात कापत नव्हता. मीही घेतलं नाही.

उपासना संपल्यावर आई बाहेर आली आणि चर्चच्या पायरीवर बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला चुकवता येणार नाही अशी मधोमध. रुमाल उघडला, भाकर मोडली.

"घ्या," ती म्हणाली. "माझ्या हातची हाय. मग म्हनू नगा सांगितलं न्हाई."

लोक पायरीवर अडले. आमच्या मागच्या बाकांवरचेही अडले. त्यांची भीती मला दिसत होती. उद्या पोरांच्या शाळेच्या चिठ्ठीवर कमिटीतलं कोण सही करील, बोर्डिंगात नंबर कोण लावील, ही ती भीती. पुढच्या बाकांवरची एक म्हातारी काठी टेकत आली. तिला नीट दिसत नाही. तिने हात पुढे केला, आईने तुकडा ठेवला. म्हातारीने तो तोंडात टाकला आणि म्हणाली, "मीठ न्हाई गं हिला."

"प्रभूची हाय, आक्का."

"आस्सं." म्हातारी चावत राहिली. तिच्या सुनेने तिला दंडाला धरून पुढे नेलं. म्हातारी थुंकली नाही. मी मुद्दाम बघत होते.

सेक्रेटरी कडेने निघाले होते. आईने हाक मारली. "आरं, तू ये की. कड करपलेली हाय, तुला आवडती."

सगळे बघत होते. सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला. "मावशी, मला शुगर हाय."

"भाकरीत कुठं साखर असती रं?"

दोन-तीन जण हसले. सेक्रेटरी गाडीकडे गेले. किक मारताना त्यांची चप्पल निसटली, ती त्यांनी तशीच पायाने ओढून घेतली.

आईने एक तुकडा बाजूला ठेवला होता, करपलेल्या कडेचाच. तो माझ्या हातात दिला. "ह्यो पाळकसायबांचा. देऊन ये."

पाळकसाहेब खोलीत झगा काढून घडी घालत होते. मी हात पुढे केला. "आईने दिलंय, साहेब."

त्यांनी तुकड्याकडे पाहिलं. "ठेव ना तिथं मेजावर."

"ठेवणार नाही. हातात घ्या. तुमचा प्रश्नच नाही, असं तुम्ही म्हणाला होतात."

त्यांचा हात आला. खरंच आला, माझ्या हातापासून वीतभर. तेवढ्यात खिडकीबाहेर कमिटीतल्या कोणीतरी त्यांना हाक मारली, "साहेब, निघायचं ना?" आणि तो हात तसाच वळून मेजावरच्या माईकच्या वायरकडे गेला. ते वायर गुंडाळायला लागले. नीट, एकावर एक वेढा. मी वायर संपेपर्यंत उभी राहिले. वायर संपली, तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

मी बाहेर आले. पायरीवर आई एकटीच होती. रुमालात निम्म्याहून जास्त भाकर तशीच होती.

"घितला?"

"नाही."

"मंग तू खा. टाकायची न्हाई."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि खाल्ला. करपल्याची चव होती, कडू. आईने उरलेली भाकर रुमालात गुंडाळली, गाठ मारायला गेली, पण बोटांना ती गाठ जमेना. मी मारून दिली.

"फुडल्या महिन्याला लई हात हालतील," ती म्हणाली.

"पुढच्या महिन्याला मी मळते. तू सांग."

"आन् हितंच बसायचं?"

"इथंच. मधोमध."

ती माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली. एकीच्या रविवारचा फलक अजून फाटकावर तसाच होता, एका कोपऱ्यातून सुटून लोंबत होता. ती त्याच्याखालून वाकून गेली. मी तो सारखा केला नाही.